वेशभूषेचे एकोणीस गुण

मी संशयी माणूस आहे. हे मला बायकोने सांगितलं, साहेबांनी सांगितलं, सोसायटीच्या सभेत तर चारचौघांत सांगितलं गेलं, आणि दर वेळी मला ते कौतुकच वाटलं. बत्तीस वर्षं मी परीक्षा विभागात काढली. तिथे गरीब गाईसारखा चेहरा करून बसलेल्या मुलाच्या बाहीतून चिठ्ठी निघते, आणि ज्यांच्या पाया पडावं असे प्राध्यापक भाच्याच्या पेपरावर पाच मार्क जास्त ठेवून जातात. तिथे भोळा माणूस टिकत नाही. मी टिकलो, निवृत्त झालो, कर्वेनगरातल्या फ्लॅटमध्ये येऊन बसलो, आणि मग दूधवाल्यावर संशय घेण्यापलीकडे मला काही उद्योग उरला नाही.

अशात एके दिवशी सकाळी दोन पांढऱ्या गाड्या सोसायटीत शिरल्या आणि सिनेमाचे पुरस्कार माझ्या घरी आले. म्हणजे पुरस्कार देणारे अध्यक्ष आले. शहराने गिळलेल्या एका गावातले हे गृहस्थ. वडिलांची शेती होती, मुलाने तिथे इमारती उभ्या केल्या, आणि आता त्यांना मराठी सिनेमासाठी काहीतरी करायचं होतं. त्यांच्या मंडळाचे चित्रपट पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच होणार होते.

"पयलंच वर्ष हाय सर," ते म्हणाले. "आन् लोकं आत्तापासूनच म्हनत्यात, पुरस्कार आधीच ठरल्यात. आपल्याला तसं न्हाय पायजे. परीक्षक मार्क देतील, ते तुम्ही मोजा. खाली तुमची सही पायजे."

माझ्या मनात आलं, ज्या अर्थी हा माणूस न विचारता पारदर्शक कारभाराबद्दल बोलतोय, त्या अर्थी नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणूनच मी हो म्हटलं.

पद्धत मी घालून दिली. नामांकनं एका वेगळ्या समितीने ठरवली होती, प्रत्येक विभागात पाच. ते सिनेमे पाच परीक्षकांनी घरी बघायचे आणि प्रत्येक नामांकनाला वीसपैकी गुण द्यायचे. कोणतं काम कोणाचं हे परीक्षकांना कळू नये म्हणून मी प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीची आणि शेवटची नामावली कापायला लावली. दिग्दर्शक मंडळींनी कुरकुर केली, मी दाद दिली नाही. नावांच्या जागी क्रमांक घातले. कोणता क्रमांक कोणाचा याची वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला. पेनड्राइव्हच्या पाकिटांवर मी लाखेचं सील मारलं. लाखेचे दोन थेंब जेवणाच्या टेबलावर पडले, ते निघाले नाहीत, आणि त्यावरून बायकोने मला आठवडाभर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह आणि गुणपत्रिका परत आल्या. अभिनय, छायांकन, संगीत, सगळं ठीकठाक होतं. वेशभूषेपाशी माझं बोट थांबलं. तिसऱ्या क्रमांकाला चार परीक्षकांनी बारा, तेरा, बारा, तेरा दिले होते. पाचव्याने एकोणीस.

चार माणसं एक म्हणतात आणि पाचवा भलतंच म्हणतो, तेव्हा आमच्या विभागात घोळ पाचव्याकडे शोधतात. मी कपाट उघडून वही काढली. तिसरा क्रमांक म्हणजे बिबवेवाडीतली एक बाई. व्यवसाय : लेडीज टेलर. एकोणीस देणारे परीक्षक म्हणजे नाटकांचे कपडे करण्यात हयात घालवलेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांच्या फॉर्मवरचा पत्ता पाहिला. बिबवेवाडी. अंगावर शहारा आला म्हणाल तर तो आनंदाचाच होता. निवृत्तीनंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

परीक्षकाला काही विचारायचं नसतं, तो सावध होतो. मी बायकोचं एक ब्लाउजपीस पिशवीत टाकलं आणि स्कूटर काढून बिबवेवाडीला गेलो.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीवर ओळीने टांगलेले ब्लाउज. बाई पंचेचाळिशीच्या, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी आमच्या मंडळाचं नामांकनपत्र लॅमिनेट करून लावलेलं होतं. मी ब्लाउजपीस आणि मापाचा जुना ब्लाउज पुढे केला आणि त्या कागदाकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

"आमच्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी पिक्चर काढला, काका. कपडे मी केले. आता नामांकन आलंय." त्यांनी टाचण्या उशीला टोचल्या. "मिळालं तर माझं आयुष्यच बदलेल बघा. भोरकडे एक मोठा पिक्चर होणार आहे. दिग्दर्शकाला मी हवी आहे, पण निर्माते म्हणतात, ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कशाला घ्यायचं. पुरस्कार मिळाला तर घेऊ म्हणालेत. वेशभूषा म्हणून माझं नाव येईल पडद्यावर. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाचं शिवतेय हो मी."

म्हणजे गरज होती. गरज असली की माणूस काय वाटेल ते करतो, हे मी बत्तीस वर्षं पाहिलेलं. मी साळसूदपणे विचारलं, "इथे ते नाटकाचे कपडे करणारे आजोबा राहतात ना कुठेतरी?"

"दोन गल्ल्या सोडून. येतात की माझ्याकडे. परवाच लेंगा उसवला म्हणून घेऊन आले होते."

झालं. गरज मिळाली, ओळख मिळाली, परवाची भेटही मिळाली. कॉपीचं प्रकरण सिद्ध करायला याहून कमी पुरावा पुरतो. माझ्या क्रमांकांच्या पद्धतीतून नाव कसं फुटलं एवढंच कळत नव्हतं, पण पेपर कसा फुटला हे तरी कधी कोणाला कळतं? फुटतो, एवढं खरं.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि आमच्या विभागाच्या रीतीने काम केलं. एकोणीस गुण बाजूला काढले, त्यांच्या जागी बाकी चौघांची सरासरी घातली, साडेबारा. बेरीज एकोणसत्तर होती ती साडेबासष्ट झाली. त्यामुळे अडुसष्ट गुणांचं दुसरं नाव पहिलं आलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "तफावतीमुळे समायोजित," आणि सही केली. अध्यक्षांना रकाना दाखवायला गेलो तर त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "तुमची सही हाय ना? मग झालं," म्हणाले.

सोहळा एका नाट्यगृहात संध्याकाळी होता. मी विंगेत, पाकिटं घेऊन. तिथून मला सभागृह दिसत होतं. टेलर बाई सहाव्या ओळीत होत्या. नवरा, भाचा, आणि गल्लीतल्या सात-आठ बायका, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, आणि सगळ्यांचे ब्लाउज असे बसलेले की मापात सुताचाही फरक नाही. पुढच्या ओळीत मुंबईहून आलेल्या वेशभूषाकार होत्या, पेशवाईवरच्या सिनेमासाठी नामांकन असलेल्या. त्या सारख्या मोबाइल बघत होत्या. सूत्रसंचालकाने पाच नामांकनं वाचली. टेलर बाईंचं नाव आलं तेव्हा परीक्षकांच्या रांगेतले ते आजोबा चष्मा काढून एकदम मागे वळून बघायला लागले. मी मनात म्हटलं, वा, काय नाटक करतायत. चाळीस वर्षं नाटकात घालवली म्हातारबुवांनी, तेवढं येणारच.

पाकीट फुटलं, मुंबईच्या बाईंचं नाव पुकारलं. गल्लीतल्या बायकांचे चेहरे पडले. टेलर बाईंनी मात्र सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बराच वेळ वाजवत राहिल्या. मला खरं सांगायचं तर समाधान वाटलं. एक लबाडी मी एकट्याने, गाजावाजा न करता अडवली होती. घरी येताना मी बायकोसाठी गजरा घेतला. तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं.

उत्तरपत्रिका सहा महिने सांभाळून मग नष्ट करायच्या, हा आमच्याकडचा नियम. पेनड्राइव्हही मी तसेच कपाटात ठेवले होते. सहा महिने भरले त्या दुपारी ते पुसायला काढले. बायको म्हणाली, "एक तरी लावा की. एवढे दिवस लाखेत बसलेत, मला दाखवा तरी आहे काय त्यात." हातात आला तो वेशभूषेतला तिसरा क्रमांक होता. मी मुद्दाम लावला असं तिला अजून वाटतं. तिच्या वाटण्यावर माझा इलाज नाही.

सिनेमा साधा होता, एका आईचा आणि तिच्या मुलीचा. पहिली पंधरा मिनिटं अगदीच नवखी, नट अवघडलेले, आवाज मागेपुढे. मी बंद करणार होतो. बायकोने भाजीची परात मांडीवर घेतली होती, तिला गवार निवडायला काहीतरी समोर हवंच होतं. अर्ध्या तासाने तिचे हात थांबले.

"अहो, ते बघितलंत का? मुलीचा परकर."

"काय त्याचं?"

"आईची लग्नातली साडी आहे ती. आमसुली, बारीक काठाची. मघाशी पदर फाटला होता ना? फाटका भाग वगळून परकर केलाय."

मी मागे नेऊन पाहिलं. तीच साडी होती. मग आम्ही दोघं नीट बसून बघायला लागलो. आई ती साडी लग्नात नेसते, मग रोजची नेसते, मग तिचा परकर होतो. परकर आखूड झाल्यावर त्याची उशीची खोळ होते. धाकट्या भावाची झोळी त्याच कापडाची. पुढे ती गोधडीत दिसते, एका कोपऱ्यात. शेवटी मुलगी शहरात नोकरीला लागते आणि डबा ज्या फडक्यात बांधते, ते फडकं आमसुली, विरलेलं, काठाची जेमतेम एक रेघ राहिलेली. सिनेमात याबद्दल एक अक्षर कोणी बोलत नाही. कापड प्रत्येक वेळी जेवढं विटायला हवं तेवढंच विटलेलं होतं. बायकोने पदराने डोळे पुसले. मी गवारीच्या शेंगा हातात घेऊन मोडत बसलो.

"हे ज्याने पाहिलं तो बारा मार्क कसे देईल?" बायको म्हणाली. तिला गुण माहीत होते, लाखेचे डाग पडलेल्या त्या टेबलावरच मी ते मोजले होते.

मी त्या चौघांपैकी एकाला फोन केला. गप्पांच्या ओघात विचारलं, सगळे सिनेमे पुरे पाहिले होते का. ते मोकळेपणाने हसले. "अहो, पंचवीस सिनेमे कोण पुरे बघतो? पंधरा-वीस मिनिटांत कळतं. शितावरून भाताची परीक्षा." दुसऱ्याला फोन करायचं धाडस मला झालं नाही. पंधरा मिनिटांत त्या साडीचा पदरसुद्धा फाटलेला नसतो.

म्हणजे पाच जणांत एकाच माणसाने पेपर तपासला होता, आणि मी नेमके त्याचे गुण खोडले होते. आयुष्यात मला माझ्या कामाची लाज अशी पहिल्यांदाच वाटली. बरं, हे चूक म्हणून सोडून देता येईना. मी त्या बाईंच्या दुकानात खोटं बोलून शिरलो होतो आणि त्यांनी मन मोकळं करून जे सांगितलं त्याचाच पुरावा केला होता. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी भोरच्या सिनेमाच्या निर्मात्यांच्या नावे पत्र लिहिलं : या बाई मूळ गुणांनुसार पहिल्या आल्या होत्या, बदल मी केला, चूक माझी. तारीख, सही, सगळं रीतसर. ते घेऊन बिबवेवाडीला गेलो.

बाई काज करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या काका. ब्लाउज बसला ना काकूंना?" मी कोण आहे ते सांगितलं. मग काय केलं ते सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही. मी गप्प झाल्यावर दोरा दातांनी तोडला आणि पत्र मागून घेतलं. दोनदा वाचलं.

"आजोबांना माझं नामांकन आहे एवढंच माहीत होतं. कोणत्या पिक्चरचं काम माझं, ते स्टेजवर नाव घेतलं तेव्हा कळलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी इथे आले. म्हणाले, मी एक मार्क हातचा राखला, त्या एकानेच तुझं गेलं असणार. अजून मनाला लावून बसलेत ते. त्यांना सांगा तुम्ही."

"सांगतो. आणि हे पत्र?"

"हे परत न्या."

मला वाटलं, राग आहे, आणि तो असायलाच हवा. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नसेल तर मी स्वतः जातो निर्मात्यांकडे."

"नका जाऊ. ऐका माझं." त्यांनी दुकानाच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तो पिक्चर मुंबईच्या मॅडमना मिळाला, ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांना. त्यांना दोन महिन्यांत सगळं उभं करायचं होतं. दिग्दर्शकाने माझं नाव सुचवलं, म्हणून त्यांनी मला शिवायला घेतलं. आता शिवण माझी, कापड मी आणते, कुणाला काय घालायचं तेही मीच ठरवते. मॅडम फोटो बघून ओके म्हणतात. पुढच्या पिक्चरलाही मलाच घेणार म्हणाल्यात. नाव नाही येणार, पण काम येतंय ना, काका. हे पत्र बाहेर गेलं तर त्यांचा पुरस्कार खोटा ठरेल. मग त्या मला दारात तरी उभं करतील का?"

मी म्हटलं, हा अन्याय आहे.

"आहेच की," त्या म्हणाल्या. "पण तो आता तुम्ही नका निस्तरू. तुम्ही गप्प राहा, तेवढं माझ्यासाठी करा."

पत्र खिशात घालून मी दोन गल्ल्या चालत गेलो. आजोबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले. "सहा महिने मी स्वतःला शिव्या देतोय. आता तुम्हाला देईन." आणि पुन्हा पेपर वर केला. चहा विचारला नाही, आणि ते मला योग्यच वाटलं.

दुसऱ्या वर्षी अध्यक्ष पुन्हा आले. मी नाही म्हणणार होतो, पण माझ्यानंतर हे काम कोणाच्या हातात जाईल याचा विचार केला आणि अट घातली. परीक्षकांनी सगळे सिनेमे एकत्र बसून, शेवटपर्यंत, माझ्यासमोर बघायचे. अध्यक्षांनी एका मंगल कार्यालयाचा हॉल दिला. आठ दिवस मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. मध्येच उठणाऱ्याला मी पाणी आणून देत असे, म्हणजे त्याला बाहेर जायला कारण उरत नसे. शितावरून भात कोणी पारखू शकलं नाही.

सहाव्या दिवशी भोरचा सिनेमा लागला. नामावली कापलेली, क्रमांक चार. एका विधवा बाईची गोष्ट होती. तिच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघता बघता तासाभराने हॉलमधली चुळबुळ थांबली. बाहीला लावलेलं ठिगळ आधी बाहेरून लावलेलं दिसतं, मग तिला लाज वाटायला लागते तसं ते आतून लावलेलं दिसायला लागतं. असं ज्याला सुचतं त्याने ठिगळं लावलेली असतात. यंदाही परीक्षक असलेले आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले होते, ते माझ्याकडे न वळता पुटपुटले, "हात ओळखलात का?"

"बोलू नका," मी म्हटलं.

गुणपत्रिका आठव्या दिवशी संध्याकाळी हातात आल्या. घरी येऊन मी वेशभूषेची पत्रिका उघडली. चौथ्या क्रमांकाला अठरा, एकोणीस, अठरा, एकोणीस, आणि आजोबांचे वीस. कधी नव्हे ते सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं आणि सगळ्यांना तेच दिसलं होतं. वही काढून चौथ्या क्रमांकासमोरचं नाव वाचलं. नाव मुंबईच्या बाईंचं होतं. मी त्यांचं नाव पाकिटातल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, कारण चुकीचं वाचलं जायला नको.

अध्यक्ष कागद न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "यंदा काय गडबड न्हाय ना सर?"

"नाही," मी म्हटलं. "पाचही जणांचे गुण जुळतात." आणि सही केली.